पेटीपुढचा पत्रा

पत्रा जागेवर आहे—बोटाला त्याची थंड, पातळ कड लागली, तरी कस्तुराबाईनं हात मागे घेतला नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा. हाताच्या पंजाएवढा ॲल्युमिनियमचा चौकोन, एक्स-रेच्या पेटीच्या तोंडापुढे खाचेत सरकवलेला. तो असला काय, नसला काय, पेटीच्या दिसण्यात फरक पडत नाही... नऊ दिवसांपूर्वीही पडला नव्हता.

कारंज्याच्या दवाखान्यात हे यंत्र आणलं तेव्हा डॉक्टरांनी तिला एकदाच समजावून सांगितलं होतं. किरण सगळे सारख्या जोराचे नसतात. जोरकस असतात ते माणसाच्या आरपार जाऊन पडद्यावर पडतात, त्यांच्यामुळे आतलं दिसतं. दुबळे कातडीतच अडकतात, बघण्याच्या काही कामाचे नाहीत, आणि अडकतात तिथे भाजतात. पत्रा त्यांना आधीच अडवतो. तिला पिठाची चाळण आठवली होती. मग वाटलं, नाही, हे उलटंच—चाळणीतून बारीक ते पार होतं, इथे जोराचं. आणि जे पोचू शकत नाही त्यानंच भाजावं, हे तिच्या मनाला काही पटलं नव्हतं.

त्या शनिवारी जिनिंग कारखान्यातल्या कापसाची धूळ पुसायला तिनं पत्रा काढला, पुसून समाधान होईना म्हणून देवाच्या उपकरणांसारखा राखेनं घासला आणि खिडकीत वाळत ठेवला. तेवढ्यात धनजहून छकडा आला. दुकानदार रहमतुल्लाची बायको मेहरबी, महिनाभर पोटात दुखतंय. तिला पांढरं औषध पाजलं, अंगणातलं विजेसाठीचं तेलाचं इंजिन धडधडायला लागलं, खिडक्यांचे पडदे ओढले गेले. लढाईपायी फिल्म मिळत नाही, म्हणून डॉक्टर हल्ली अंधारात पडद्यावरच बघत राहतात, फार वेळ. मेहरबीला पेटीपुढे खांद्याशी धरून उभी असताना कस्तुराबाईला आपल्या हाताला राखेचा वास आला... आणि पत्रा आठवला.

तिचं चातुर्मासाचं मौन, उठल्यापासून बारा वाजेपर्यंत. पाच वर्षांत कधी मोडलं नव्हतं. सकाळचा दवाखाना तिच्या खुणांवर चालायचा. पण अंधारात खूण कुणाला दिसणार? हात वर केला होता मी, खरंच केला होता—मग खाली घेतला. थांबा, एवढाच एक शब्द लागत होता. देवाला दिलेलं मोडवेना म्हणून गप्प राहिले, असं ती तेव्हापासून स्वतःला सांगत होती. तसं असतं तर बारानंतर सांगितलं असतं. त्या दिवशी तिनं पत्रा गुपचूप खाचेत घातला आणि घरी जाऊन तुळशीपुढे दिवा लावला.

आज दहाच्या पुढे मेहरबी पुन्हा आली, गेल्या खेपेपेक्षा वाळलेली. पाठीला आग होते म्हणाली. कस्तुराबाईनं तिचा कपडा वर केला. कमरेच्या वर तांबडा डाग, कडा सरळ, कुणी आखून दिल्यासारख्या.

डॉक्टर वाकून बराच वेळ बघत राहिले. उठून त्यांनी खाचेत बोट घातलं, पत्रा होता. मग विचारलं, घरी काही लावलं होतं का. मेहरबी म्हणाली, नणदेनं बिब्ब्याचा लेप लावला होता, दुखण्यावर. डॉक्टरांच्या कपाळाची आठी गेली. बिब्ब्यानंच उतलंय, म्हणाले. आज पुन्हा एकदा नीट बघून घेऊ. आणि इंजिन सुरू करायला सांगायला ते बाहेर गेले.

"तिचं पाह्यतोच आता घरी गेल्यावर," मेहरबी म्हणाली. मग कस्तुराबाईकडे वळून हसली. "बाई, तुमी तोंडाचा रोजा धरता मनते. माह्या नणदेले शिकवा न असा. घरात बरकत येईन."

कस्तुराबाई डागाकडे बघत होती; भाजल्या जागीच पुन्हा किरण पडणार होते.

"हासू नोका, पन दुवा मांगा माह्यासाठी. तुमची लवकर लागन."

कस्तुराबाईनं मान हलवली. डोळे मिटले. मौनात आतल्या आत एक नाम चालत असे, तिनं न म्हणता, श्वासाबरोबर; ते ऐकू येईना. तिनं मुद्दाम म्हणून पाहिलं, तर बाहेरच्या इंजिनाचा पहिला ठोका मध्ये आला, दुसरा आला... डॉक्टर परत आले होते, एकेक पडदा ओढत होते. घड्याळात अकराला दहा कमी. बारा वाजायची वाट मी कशाला बघते आहे? नऊ दुपारी तर येऊन गेल्या. मौन मोडलं होतं ते त्या शनिवारीच, तोंड न उघडता. आज मोडायला काही उरलंच नव्हतं. हे कळलं तेव्हा भीती वाटली नाही, हलकंही वाटलं नाही. शेवटच्या खिडकीतून अजून उजेड येत होता, आणि तोंडातली जीभ, टाळूला चिकटलेली, जड, तिला पाच वर्षांत पहिल्यांदाच आपली वाटली—कुणालाही न वाहिलेली.