ओढणाऱ्या हातांचा दोर

मी दोर बोलतोय. चारशे यार्ड लांबीचा, सुती, मेण चोळलेला. माझं एक टोक लाकडी चरखीला आणि दुसरं जाड कापडी पट्ट्याला. तो पट्टा कमरेला बांधून पोहणारा बुडणाऱ्यापर्यंत जायचा आणि मग किनाऱ्यावरची माणसं मला ओढून दोघांना बाहेर काढायची. पट्ट्यात एक खिळा होता. तो उपसला की पट्टा सुटायचा आणि पोहणारा माझ्यापासून मोकळा व्हायचा.

सिडनीच्या उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावर मी अकरा उन्हाळे काढले. आमच्या जीवरक्षक मंडळाच्या लोकांना माणसं वाचवण्यापेक्षा कवायतीचं वेड जास्त. चरखी खांद्यावर घेऊन, छाती काढून, पावलात पाऊल टाकत ते वाळूवर चालायचे आणि परीक्षक गुण द्यायचे. चरखीवर धूळ दिसली तरी गुण कापले जायचे. मंडळाचा कप्तान क्लॅरी बेझली तर चरखीचं पितळ इतकं घासायचा की त्यात बघून दाढी करावी.

त्या वर्षी स्पर्धेच्या आठवडाभर आधी क्लॅरीनं पट्ट्याला नवा पांढरा रंग दिला. खिळ्यालाही दिला.

पट्टा बांधून पोहणारा पर्सी ग्रीव्ह. अबोल, रुंद खांद्यांचा, बेकरीत कामाला. रविवारी सकाळी त्यानं खिळा ओढून पाहिला.

"क्लॅरी, हा घट्ट बसलाय. रंग खरवडायला हवा."

"पुढच्या रविवारी परीक्षक आहेत, गड्या. खरवडलेला पट्टा काय दाखवू त्यांना? आणि तुला कधी ओढायला लागलाय तो?"

पर्सीला खरंच कधी लागला नव्हता. तो हसला आणि पट्टा बांधला. तेव्हा मला त्या हसण्याचा राग आला नाही. आज येतो.

दुपारी शहरातून आलेला एक माणूस लाटांच्या पलीकडे वाहत गेला. पर्सी पोहत गेला, त्याला धरलं, 'ओढा' म्हणून हात वर केला. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं. मग समुद्री शेवाळाचा भारा माझ्यावर चढला आणि मी जड झालो.

मी जड झालो म्हणून लोकांनी जोर वाढवला. सहल करायला आलेले सँडविच टाकून धावले. पन्नास-साठ हात लागले. लाट परतताना दोर ढिला सोडायचा असतो, नाहीतर पोहणारा पाण्याखाली खेचला जातो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. क्लॅरीला ठाऊक होतं. पण लोक बघत होते, म्हणून तो ताल देत राहिला. "एक, दोन, ओढा."

पर्सी पाण्याखाली गेला. त्यानं त्या माणसाला वर ढकलून लाटेवर सोडलं आणि मग मागे हात नेऊन खिळा ओढला. हिसका माझ्यापर्यंत आला. एक, दोन, तीन. अकरा हिसके मी मोजले. नंतर आले नाहीत. वर टाळ्या वाजत होत्या.

शहरातला माणूस चरखीपासून चाळीस पावलांवर वाळूला लागला. खोकला आणि सिगारेट मागू लागला.

पर्सीला मी आणलं. पट्टा कापून काढावा लागला. सगळे त्याच्या छातीवर दाब देत होते, तेव्हा क्लॅरी चरखीआड गुडघ्यांवर बसला आणि चाकूनं खिळ्यावरचा रंग खरवडू लागला. खिळा हलला, तेव्हा त्याला रडू फुटलं. रडत रडत त्यानं तेलही घातलं.

चौकशीला आलेल्या साहेबांनी दोन बोटांनी खिळा ओढला. अलगद निघाला. साहेबांनी लिहिलं, पोहणारा घाबरला, खिळा ओढायचं त्याला सुचलं नाही. पुढच्या रविवारी दंडाला काळ्या फिती बांधून कवायत झाली. परीक्षकांनी पूर्ण गुण दिले.

आता मी जीर्ण झालोय. माझे तुकडे करून मंडळाच्या फुलझाडांभोवती कुंपण घातलंय. पर्सीची बायको एल्सी मुलीला घेऊन तिथं बसते. परवा मुलीनं विचारलं, बाबांनी पट्टा का नाही सोडला?

"घाबरला गं तो," एल्सी म्हणाली. "भीती वाटते, असं मला कधी बोलला नाही. बोलला असता, तर जाऊ दिलं नसतं."

मुलगी माझ्यावर पाय ठेवून झोके घेत होती. मला तोंड असतं, तर मी एवढंच म्हणालो असतो, एल्सीबाई, अकरा वेळा. हे ऐकणाऱ्यांनो, तुम्हाला आहे ना तोंड? मग जा, तिला सांगा.