आत्याची पाटी आणि कॅप्टनची हरकत

मी दारावरच्या पितळी पाट्या कोरतो. या धंद्यात तीस वर्षं गेल्यावर एवढं कळलं, की माणसाला नावापेक्षा नावाच्या मागेपुढे काय लागतं याचीच जास्त फिकीर असते. एकाने माझ्याकडून 'माजी उपाध्यक्ष' असं कोरून घेतलं. नंतर कळलं, गडी निवडणुकीत पडला होता. मी म्हटलं, "अहो, माजी व्हायला आधी आजी व्हावं लागतं." तर म्हणतो, "तुम्ही कोरा हो, वाचणारा कुठे खोलात शिरतो!"

पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते माझ्या सख्ख्या आत्याच्या पाटीने.

आत्याचं शिवणकामाचं दुकान माझ्या शेजारच्या गाळ्यात. चाळीस वर्षं ती लोकांच्या पँटच्या चेन बदलतेय, बाह्या आखूड करतेय आणि सुटलेली पोटं कोटात बसवून देतेय. गेल्या वर्षी तिने नवं शिवणयंत्र घेतलं. त्याच्या खोक्यात सोडतीचं कूपन निघालं. तिसरं बक्षीस वाफेची इस्त्री होतं आणि आत्याचा डोळा त्या इस्त्रीवर होता. लागलं मात्र पहिलं. अंतराळाची फेरी!

"त्याऐवजी इस्त्री चालेल का?" तिने कंपनीला फोन करून विचारलं. बदलून मिळत नाही म्हणाले. "मग जाऊन येते बाई," ती म्हणाली.

तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि अकरा मिनिटांचा प्रवास, त्यात वजनाशिवाय तरंगायची चार मिनिटं. परत आली तेव्हा आमच्या गल्लीने तिला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. जो तो विचारी, "पृथ्वी कशी दिसली हो?" आत्याचं उत्तर ठरलेलं. "निळी निळी. गोल गोल. चेंडूसारखी." आणि त्याच दमात, "बाही किती इंच आखूड करायची?"

महिन्याभराने ती माझ्याकडे आली. "अरे, मला एक पाटी कर. वर नाव, खाली 'अंतराळवीर', त्याखाली 'सर्व प्रकारचं शिवणकाम'."

मी पत्र्यावर पेन्सिलीने अक्षरं आखत होतो, तेवढ्यात कॅप्टन आले.

कॅप्टन आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहतात. रोज सकाळी माझ्या दुकानात येऊन वर्तमानपत्र वाचायचा त्यांचा नेम. तरुणपणी त्यांची खऱ्याखुऱ्या अंतराळ मोहिमेसाठी निवड झाली होती. सहा वर्षं प्रशिक्षण घेतलं, गरगर फिरणाऱ्या यंत्रात बसले, पाण्याच्या टाकीत तासन् तास पाना फिरवला. पण त्यांचा नंबर लागायचा तो मुख्य माणूस आजारी पडला तर. तो ठणठणीत राहिला. यान गेलं, आलं, पुढची मोहीम रद्द झाली आणि कॅप्टन लिफ्ट तपासणीच्या खात्यात लागले. तिथूनच निवृत्त झाले.

त्यांनी पत्रा उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हा शब्द तू कोरणार नाहीस."

"आत्याने सांगितलंय, कॅप्टन."

"विमानात बसणाऱ्याला वैमानिक म्हणतोस का? ऑपरेशन करून घेणाऱ्याला सर्जन म्हणतोस का? तुझी आत्या गेली ती पाहुणी म्हणून. तिला अंतराळप्रवासी म्हण. वीर कसली?"

भिंत पातळ होती. शिवणयंत्र थांबलं आणि गळ्यात टेप अडकवलेली आत्या दारात येऊन उभी राहिली.

"नवरदेव म्हणतात म्हणून कुठला नवरा देव झालाय, कॅप्टन? शब्दच तसा आहे, त्याला मी काय करू?"

"शब्द कमवावा लागतो, बाई."

"असं? मग तुम्हाला अख्खी गल्ली कॅप्टन म्हणते. कुठलं जहाज चालवलंत?"

मी पत्र्यावर फुंकर मारत बसलो. फुंकर मारण्यासारखं त्यावर काहीच नव्हतं.

कॅप्टनचे कान लाल झाले. पण ते जुन्या तालमीतले, आवाज चढवला नाही. "मी सहा वर्षं त्या चार मिनिटांसाठी काढली," ते म्हणाले. "एक सांगा. पृथ्वी कशी दिसली?"

"निळी निळी. गोल गोल. चेंडूसारखी."

"चेंडूसारखी?"

"चेंडूसारखीच!"

कॅप्टननी पत्रा हळूच खाली ठेवला. "बाई, तुमचं यान जेवढं वर गेलं ना, तिथून पृथ्वी चेंडूसारखी दिसत नाही. खूप लांब गेल्याशिवाय ती अख्खी डोळ्यांत मावत नाही. तुम्हाला दिसेल ती नुसती कड, जराशी वाकलेली. तुम्ही बाहेर पाहिलंच नाहीत."

मी आत्याकडे बघितलं. माझी आत्या कुणाला ऐकणारी नव्हे. गिऱ्हाइकाची चूक असो वा तिची स्वतःची, शेवटचा शब्द तिचा. ती आता टेपचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"नाही पाहिलं," ती म्हणाली.

"आत्या!"

"अरे, वेळ कुठे होता?" ती माझ्या स्टुलावर बसली. "माझ्या शेजारी एक धिप्पाड गृहस्थ होते. तरंगायला लागलो तसे ते ही कोलांटी मार, ती कोलांटी मार. दोन मिनिटं उरली तेव्हा सूचना आली, सगळ्यांनी जागेवर बसा, पट्टे बांधा. यांचा पट्टा काही लागेना. पट्ट्याची कड उसवलेली आणि त्याचे दोरे बकलात अडकलेले. हे आपले खेचतायत, म्हणजे आणखीच गुंता. घाबरून रडायला लागले. ऐंशी-नव्वद किलोचा माणूस, उतरताना मोकळा राहिला असता तर? त्याचं तर काही खरं नव्हतंच, आमच्याही अंगावर आदळला असता."

"मग?" कॅप्टन पुढे सरकले होते.

"मग काय. माझा पट्टा सोडला. हवेत उलटी झाले. डोकं खाली, पाय वर. दातांत पट्टा धरला आणि नखाने एकेक दोरा काढला. आत सुई न्यायला बंदी! सुई असती तर अर्ध्या मिनिटाचं काम. शेवटचा दोरा निघाला, बकल लागलं, मी माझ्या जागेवर येऊन पट्टा लावतेय तोच खाली ओढायला लागलं. आयुष्यात एकदाच अंतराळात गेले आणि बघितलं काय, तर बकल." ती हसली, पण ते हसू धड जमलं नाही. "लोक एवढ्या हौसेने विचारतात. त्यांना काय सांगू, बकल बघून आले म्हणून?"

कॅप्टननी विचारलं, "उलटं होताना आधार कशाचा घेतलात?"

"गुडघ्याने खुर्चीची पाठ पकडली."

"बरोबर," ते पुटपुटले. "आम्हालाही तेच शिकवलं होतं. मला ते जमायला तीन महिने लागले." ते उठले, दुकानात दोन फेऱ्या मारल्या. दुकान एवढंसं, फेरी म्हणजे चार पावलं. "आमच्या नियमपुस्तकात पहिल्याच पानावर होतं. यानात बसून जो नुसता जातो तो प्रवासी. सगळ्यांच्या सुरक्षेसाठी जो काम करतो तो चमूतला." आणि माझ्याकडे वळून, जणू चूक माझीच होती अशा आवाजात म्हणाले, "बघत काय बसलास? कोर!"

"काय कोरू?"

"अंतराळवीर. आणि अक्षरं ठळक काढ."

आत्याने डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "पण शिवणकाम त्याहून ठळक हं. पोट त्याच्यावर आहे."

दोन्ही ओळी मी सारख्याच मापात कोरल्या. तेव्हापासून कुणी पृथ्वीचं विचारलं, की आत्या खरं ते सांगते. लोकांना ती बकलाची गोष्ट चेंडूपेक्षा जास्त आवडते. काहीजण तर दातांत पट्टा कसा धरला ते करून दाखवायला लावतात.

पंधरा दिवसांनी कॅप्टन एक जुनी सुटकेस घेऊन आत्याच्या दुकानात शिरले. मी पाटीचा ढिला झालेला स्क्रू आवळायला तिथेच गेलो होतो. सुटकेसमधून त्यांनी प्रशिक्षणातला निळा सूट काढला. घड्यांवर रंग उडालेला, पण एक टाका निघालेला नव्हता.

"कमरेत होत नाही," ते इकडेतिकडे बघत म्हणाले. "शाळेने मुलांशी बोलायला बोलावलंय. म्हटलं, न गेलेल्या माणसाची गोष्टही कुणीतरी सांगावी."

"घालून दाखवा," आत्या म्हणाली.

पडद्यामागून ते बाहेर आले ते खांदे ताठ, हनुवटी वर. चाळीस वर्षांनी तो सूट अंगावर चढला होता. आत्याने त्यांच्याभोवती एक फेरी मारली, टाचण्या ओठांत धरल्या आणि शिवणीत बोट घालून पाहिलं.

"कापड आत भरपूर सोडलंय," ती टाचण्यांमधूनच बोलली. "ज्याने शिवलाय त्याला माहीत होतं, माणूस वाढतो. आता श्वास सोडा, कॅप्टन. पोट आत ओढून मुलांसमोर किती वेळ उभे राहणार?"

कॅप्टननी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आरशात, आणि सावकाश श्वास सोडला.