लाइलची काही तक्रार नाही

आमच्या मिनेसोटात माणूस विहिरीत पडला आणि वरून कुणी विचारलं, ‘काय, कसं काय?’ तर तो आतून सांगेल, ‘बरंय. पाणी जरा गार आहे इतकंच.’ माझा नवरा लाइल त्यातलाच.

लाइल शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. संधिवातानं त्याची बोटं धरली होती, ती दर महिन्याच्या एका इंजेक्शनानं सुटली. तीन वर्षं बरी गेली. या जानेवारीत शाळेनं नोकरांच्या आरोग्यविम्याची कंपनी बदलली. नव्या कंपनीचा नियम असा, की आधी स्वस्तातल्या गोळ्या घ्या, गुण आला नाही हे पटवून द्या, मग इंजेक्शन. जुन्या कंपनीला हे सगळं पटवून झालं होतं, पण ते इथं चालत नाही. आणि पदरचे पैसे घालून आणावं, तर एका इंजेक्शनात आमची गाडी विकली जाईल.

गोळ्यांनी फक्त पोट बिघडलं. मार्चपर्यंत लाइलच्या हाताला पाना धरवेना. त्याच्या शर्टाची बटणं मी लावायला लागले.

मग कंपनीच्या नर्सचा फोन आला. ‘कसे आहात आज?’

‘मजेत. काही तक्रार नाही.’

तिनं ते लिहून घेतलं. कंपनीनं कळवलं, रुग्णाला गोळ्यांनी आराम आहे, सबब इंजेक्शन नामंजूर.

‘तक्रार नाही म्हणालास?’ मी कपाळाला हात लावला.

‘अगं, तिनं कसे आहात विचारलं. अनोळखी बाईला काय रडगाणं ऐकवू?’

डॉक्टरांनी पुन्हा अर्ज केला. पुन्हा फोन येणार होता, म्हणून मी स्वयंपाकघरात त्याची तालीम घेतली. नर्स मीच.

‘दुखतं का?’

‘थोडंफार.’

‘लाइल!’

‘बरं बाई, दुखतं.’

‘कधी जास्त दुखतं?’

‘तू ओरडतेस तेव्हा.’

फोन आला. मी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. नर्सचा घसा बसला होता.

‘सर्दी झालीय वाटतं तुम्हाला?’ लाइल म्हणाला. ‘जपा हो. इकडे हवा वाईट आहे.’

ती हसली. मी डोळे मिटून घेतले.

‘दहापैकी किती दुखतं, सर?’

‘चार?’

मी दोन्ही हातांची सगळी बोटं उघडून त्याच्या तोंडासमोर नाचवली.

‘पाच,’ तो म्हणाला. कुणाच्या तरी ताटातलं उचलल्यासारखा चेहरा.

‘शर्टाची बटणं लावता येतात?’

‘होतं कसंतरी.’

‘मी लावते!’ मी ओरडले. ‘रोज सकाळी मी लावते!’

‘मॅडम, उत्तर विम्याच्या सभासदानंच द्यावं लागतं.’ आवाज मऊ होता, तिचाही इलाज नसावा. ‘सर, बटणं?’

लाइलनं मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं.

‘लागलेली आहेत,’ तो म्हणाला.

निर्णय कायम राहिला. आता पुढचा अर्ज नाही.

रविवारी मी त्याची बटणं लावली, गळ्यापर्यंत, आणि आम्ही चर्चला गेलो. प्रार्थनेनंतर कॉफी होती. लाइल कोपऱ्यात उभा होता, कप दोन मनगटांमध्ये धरून, कुणाच्या तरी विनोदाला हसत. पाळकाची बायको केकची बशी घेऊन माझ्याकडे आली.

‘लाइल बऱ्याच दिवसांनी दिसला आज. कसा आहे गं?’

बाई चांगली आहे. विचारते तेही मनापासून. सांगायला सगळं माझ्या ओठांवर होतं.

‘बरा आहे,’ मी म्हणाले आणि केक उचलला. ‘काही तक्रार नाही.’