टोकावरचा आडवा टाका

“मॅडम, सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही,” म्हणत कॉलरवाल्या काकांनी स्टूल फडक्याने पुसलं आणि तपासनीस बाईंपुढे सरकवलं. बाई बसल्या नाहीत. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, कागद हातात आणि नजर दुकानातल्या मशिनांवर.

“तीन मशिनं. तीन हजार कॉलरी. चार दिवस,” त्या म्हणाल्या. “कसं जमलं, तेवढं सांगा.”

काकांच्या कानामागून घामाचा थेंब निघाला आणि सावकाश त्यांच्याच कॉलरीत शिरला. खरं उत्तर सोपं होतं : जमलं नव्हतंच. कंपनीने मुदत दहा दिवसांवरून चारावर आणली, तेव्हा काकांनी कापलेल्या कापडाचे गठ्ठे मागच्या वस्तीतल्या आठ घरांत गुपचूप वाटले होते. करारात मात्र ठळक अक्षरांत लिहिलेलं, की शिवण दुकानाबाहेर गेली तर काम बंद. समोरच्या काज-बटणवाल्याचं असंच बंद झालं. आता तो त्याच कंपनीच्या फाटकावर आल्यागेल्याला सलाम ठोकतो.

“ही आमची वहिनी,” काकांनी मधल्या मशीनकडे हात केला. “हिचा हात म्हणजे वीज. एकदा दोरा संपला, तरी हिच्या धाकानं मशीन तासभर टाके घालत होतं.”

“भाऊजी,” वहिनी मान वर न करता म्हणाली, “मॅडमना कामं असतील.”

“ऐकू दे की. मॅडम, गेल्या वर्षी हिला ताप आला. डॉक्टरांनी नाडी धरली, तर नाडीसुद्धा मशीनच्या चालीवर. म्हणाले, औषध नको, हिला तेल घाला.”

कोपऱ्यातली कारागीर खोकल्यासारखं हसली. बाईंनी तयार कॉलरींचा गठ्ठा सोडला आणि एकेक कॉलर उजेडात धरून टेबलावर मांडू लागल्या. एक इकडे, दोन तिकडे. काकांच्या जिभेला आता लगाम राहिला नाही. वहिनी डोळे मिटून शिवते, वहिनी दोन हातांनी दोन मशिनं चालवते. दिराची थाप खरी करायला वहिनीने बिचारीने पायाचा जोर वाढवला, आणि दोरा तुटला.

टेबलावर कॉलरींचे ढीग झाले होते. काकांनी नजरेनेच मोजले. अकरा.

“प्रत्येकाची शिवण संपवायची तऱ्हा वेगळी असते,” बाई म्हणाल्या. “कुणी दोन टाके मागे येतं, कुणी तीन.”

“मूड, मॅडम. सकाळी दोन, दुपारी तीन.”

बाई उत्तर देणार होत्या, पण शेवटच्या ढिगातल्या कॉलरीवर त्यांचा अंगठा थांबला. टोकाशी एक बारीक आडवा टाका होता. हा वस्तीतल्या चष्मेवाल्या मावशींचा. नमुन्यात नाही, घालू नका, असं दहादा सांगून झालं होतं. “त्यानं टोक म्हातारं होत नाही,” एवढंच त्या म्हणायच्या. आणि डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गठ्ठा घेताना एकच अट घालायच्या : कुठे बोलायचं नाही.

“हा टाकाही वहिनींचाच?”

“मग कुणाचा? माहेरून आणलाय तिनं. तिकडच्यांनी दुसरं काही दिलंच नाही.”

वहिनीने सुईत दोरा ओवायचा सोडून डोळे मिटले.

बाई स्टुलावर बसल्या. ती कॉलर त्यांनी मांडीवर ठेवली. मग त्यांनी अंगातल्या शर्टाच्या कॉलरीचं टोक दोन बोटांत धरलं, उलटं केलं आणि वाकून पाहिलं. शर्ट जुना होता, पण टोक अजून ताठ होतं. काकांनाही तिथला आडवा टाका दिसला.

“खोटं बोलताय, काका,” बाई हळूच म्हणाल्या. “आणि आईही खोटं बोलली. मशीन विकलं म्हणाली होती.”