बांधातल्या झडपेची भीती

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी झडप आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. समुद्राशी रोज दोनदा गाठ पडणाऱ्या झडपेने असं म्हणू नये. पण या वयात खोटं बोलून काय मिळवायचं?

मातीच्या बांधाच्या एका बाजूला शेत आहे आणि दुसऱ्या बाजूला खाडी. बांधाच्या पोटातून एक मोठा नळ जातो. त्याच्या खाडीकडच्या तोंडावर मला दोन बिजागऱ्यांनी वरून टांगलं आहे. सुताराने मला एका फुटलेल्या होडीच्या फळ्यांतून घडवलं, म्हणून पाण्याची भीती माझ्या लाकडातच मुरलेली असावी. माझं काम तसं सोपं. ओहोटीला शेतातलं जादा पाणी आतून ढकलतं, मी उघडते. भरतीचं खारं पाणी बाहेरून ढकलतं, मी मिटते. कोणी हात लावायची गरज नाही.

भरती आली की दर वेळी मी भीतीने करकरायचे. पण मला धीर देणारं कोणीतरी होतं. बांधासमोर लांबवर पाणथळ पसरली होती. नुसता चिखल, आणि त्यात माणूस दिसणार नाही इतकी उंच लव्हाळी. लाट त्यांच्यातून वाट काढत यायची आणि माझ्यापर्यंत पोचेतो तिची सगळी रग जिरलेली असायची. म्हातारे मालक दर वर्षी माझ्या अंगावरचे शिंपले खरवडायचे, बिजागऱ्यांना तेल द्यायचे आणि म्हणायचे, “हिचं अर्धं काम तो चिखल करतो.” अर्धं कसलं, मित्रांनो, पाऊण.

म्हातारे गेले आणि शेत मुलाकडे आलं. धाकटे मालक कष्टाळू होते, मनाने वाईट नव्हते. पण ती पाणथळ त्यांच्या डोळ्यांत सलायची. तिथून डास येतात, तिथली पाखरं कणसांवर तुटून पडतात, आणि एवढ्या जागेत एक दाणा पिकत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

एके दिवशी पाणथळींची पाहणी करणाऱ्या एक बाई छापील कागद घेऊन आल्या. अगदी माझ्या डोक्यावर, बांधावरच बसल्या. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, “या पाणथळीबद्दल तुम्हाला काय वाटतं?”

“वाटायचं काय? पडीक चिखल आहे,” मालक म्हणाले.

बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. त्या गेल्यावर मालकांनी मालकीणबाईंना बांधावर बोलावून घेतलं. म्हणाले, की आज प्रश्न विचारतात, उद्या इथे ‘हात लावू नका’ अशी पाटी लावतील आणि परवा आपलं शेतही त्या चिखलात मोजतील. आवाज चढलेला होता, पण मी तो लगेच ओळखला. भित्र्याला भित्रा बरोबर कळतो.

घाबरलेलं माणूस घाई करतं. आठ दिवसांत मालकांनी माझ्यासमोरची सगळी लव्हाळी कापली. बांधाच्या बाहेरच्या पायथ्याचाच चिखल खणून बांधावर चढवला. बांध होता त्याहून कमरेएवढा उंच झाला. शेजारचे शेतकरी बघायला आले, पाठ थोपटून गेले. मालकीणबाईंनी तेवढं विचारलं, “अहो, वर चढवलंत खरं, पण खाली पायाशी चर पडला त्याचं काय?” गाळ येऊन तो आपोआप भरेल, असं मालकांनी सांगितलं.

माझी मात्र पाचावर धारण बसली. जिथे लाट चिखलात पाय ओढत यायची, तिथे आता तिला खोल, सरळ वाट मिळाली होती. आणि कापलेल्या लव्हाळ्यांच्या पेंढ्या तशाच समोर पडल्या होत्या. मी ओरडू शकत नव्हते. मी फक्त करकरू शकते, आणि झडपेची करकर कोण मनावर घेतो?

अमावास्येचं उधाण भर दुपारी आलं, सोबत वारा घेऊन. पाणी चरातून धावतच आलं. आल्याबरोबर त्याने एक पेंढी उचलली आणि माझ्या उघड्या तोंडात कोंबली. मी मिटायला गेले, मिटता येईना. माझ्या कडेने खारं पाणी नळात शिरलं आणि शेतात पसरू लागलं. एकदा मीठ मुरलं की दोन-तीन वर्षं तिथे काही उगवत नाही. इतक्या वर्षांत जे कधी झालं नव्हतं, ते माझ्याच तोंडातून होत होतं.

मालक धावत आले. कमरेला दोर बांधला, दुसरं टोक मालकीणबाईंच्या हातात दिलं आणि चरात उतरले. पाणी छातीला लागलं. त्यांनी माझ्या फटीत हात घातला आणि काड्या उपसायला लागले. मित्रांनो, समुद्र माझ्या पाठीवर रेटत होता आणि माझ्या ओठांत मालकांचा हात होता. एवढी भीती मला पाण्याचीही कधी वाटली नव्हती. मला मिटायचं होतं आणि मिटायचं नव्हतं.

“अहो, हात काढा, शेत जाऊ दे,” मालकीणबाई वरून म्हणाल्या.

“एवढी शेवटची,” मालक म्हणाले.

शेवटची काडी निघाली आणि मी मिटले. मी थांबू शकले नाही. मालकांच्या दोन बोटांची पेरं गेली. मालकीणबाईंनी त्यांना ओढून वर घेतलं. बांधालगतची एक पट्टी खारावली, बाकीचं शेत वाचलं.

पुढच्या हंगामात मालकांनी दुसरीकडून लव्हाळ्यांचे गड्डे आणले आणि त्या चरात एकेक करून लावले. त्या अर्ध्या बोटांच्या हाताने, कोणाला न सांगता. वर्षाने पाहणीवाल्या बाई पुन्हा आल्या, तोच कागद, तोच प्रश्न.

मालकांनी तोच हात नव्या लव्हाळ्यांकडे केला. “भीती वाटते,” ते म्हणाले.

“पाणथळीची?”

“नाही हो. ती पुन्हा उगवली नाही तर, याची.”

बाईंनी तेही लिहून घेतलं.

मित्रांनो, लव्हाळी अजून गुडघ्याएवढीच आहेत आणि अमावास्या चार दिवसांवर आली आहे. तुमच्या वस्तीबाहेर असा चिखल असेल तर त्याला पडीक म्हणू नका, त्यावर कोयता चालवू नका. माझ्या बिजागऱ्यांना तेल दिलंत तर उपकार होतील, पण नाही दिलंत तरी चालेल. तेवढी लव्हाळी वाढू द्या. मी एक फळी आहे. समुद्र फार मोठा आहे, आणि मला एकटीला ठेवू नका.