मान न हलवता

बाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर लाइनी जोडण्यात गेली, म्हणून गल्लीत त्यांना अजूनही ऑपरेटरबाई म्हणत. म्हणणारे आता फारसे उरले नव्हते, ती गोष्ट वेगळी.

गेल्या आठवड्यात सकाळी फोन वाजला. पलीकडच्या माणसाला गॅरेज हवं होतं. राँग नंबर एवढंच सांगायचं, पण बाईंची जीभ वळेना. तोंडातून नुसतं बरळणं निघालं. सकाळी सकाळीच घेतलेली दिसतेय, असं म्हणून त्याने फोन आपटला. काही वेळाने जीभ ताळ्यावर आली. किती वेळाने, ते बाईंना डॉक्टरांपुढे सांगता येईना. घरात कुणी पाहिलं का, असंही डॉक्टरांनी विचारलं. घरात पाहायला होतं कोण? त्या राँग नंबरखेरीज साक्षीदार नव्हता.

मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली शीर तुंबली आहे का, ते पाहायला एमआरआय सांगितला. फोटो स्वच्छ आला तरच ऑपरेशन की गोळ्या, हे ठरणार होतं.

टेक्निशियन घाईत असला तरी माणूस बरा होता. त्याने बाईंच्या मानेभोवती पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. हलू नका, बोलू नका, जमल्यास आवंढाही गिळू नका, असं बजावलं आणि काचेपलीकडे गेला. बाईंनी सगळ्याला हो म्हटलं.

पण मध्येच हेडफोनमधून त्याने ठीक आहात ना असं विचारलं आणि बाईंचं तोंड आपोआप उघडलं. कानात आवाज आला की उत्तर द्यायचं, ही जन्माची सवय. त्यात कितीतरी दिवसांनी कुणीतरी आपणहून विचारत होतं. ठीक आहे म्हणाल्या, पाय गार पडलेत म्हणाल्या, आणि यंत्राची ठोकाठोकी सुरू झाली तरी वारलेल्या बहिणीच्या संधिवाताबद्दल सांगत राहिल्या. फोटो हलला. दुसऱ्यांदाही तेच झालं.

टेक्निशियन आत आला. आता तो रागावणार, असं बाईंना वाटलं. त्याने त्यांच्या पायांवर पांघरूण घातलं.

"बाई, अजून एकदाच जमेल. बाहेर पेशंट खोळंबलेत. आता मी काही विचारणार नाही. पण लाइन चालू आहे, मी ऐकतोय."

"लाइन कापणार नाही ना?"

"नाही."

बाईंनी डोळे मिटले. कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर गप्प राहणं सोपं होतं. घरात ते इतकं जड का जातं, हे त्यांना तिथे आडवं पडल्यावर कळलं आणि घशाशी आवंढा आला. यंत्र थांबेपर्यंत त्यांनी तो गिळला नाही.

फोटो स्वच्छ आला. शीर अर्धीच तुंबली होती. तूर्त गोळ्यांवर भागेल, डॉक्टर म्हणाले. फक्त रोज सकाळी कुणाशी तरी चार शब्द बोलत जा, म्हणजे परत जीभ अडखळली तर कुणाच्या तरी लगेच लक्षात येईल. बाईंनी याही गोष्टीला हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोनवर आलेले नंबर पाहिले. एकच होता. तोच लावला.

"त्या दिवशी तुम्ही गॅरेज मागत होतात. मी प्यायलेली नव्हते. आज माझं बोलणं नीट कळतंय का?"

"कळतंय की," तो गोंधळून म्हणाला. "पण कोण बोलतंय?"

बोर्डावर असताना कुणाला नाव सांगायची कधी वेळच आली नव्हती.

"राँग नंबर," त्या म्हणाल्या. दोन्ही शब्द अगदी स्वच्छ उमटले. मग त्यांनी हळूच फोन खाली ठेवला.