पायानं केलेलं लोखंड

धानोऱ्याकडच्या एका गावात, इसरू आज्याच्या घरामागं काळ्या खरबरीत दगडांची रास आहे. त्याचा बाप तिथं लोखंड गाळायचा; ती रास म्हणजे गाळून उरलेला मळ. बाजारात तयार लोखंड मिळू लागलं आणि भट्टी बंद पडली. ती कशी चालवायची हे आता एकट्या इसरूला ठाऊक होतं, आणि त्याचे गुडघे गेले होते. आपल्या माघारी हे कुणाला तरी यावं, एवढंच त्याला वाटे.

शाळेला सुट्टी लागल्यावर नात रंजीता आणि तिची मैत्रीण दिव्या तयार झाल्या. दोघींनी डोंगरावरून लोखंडाचे दोन टोपल्या दगड आणले, कमरेएवढी मातीची भट्टी रचली, कोळसा भरला. भाता पायांनी तुडवायचा होता. कातडी मढवलेली दोन लाकडी भांडी, एकावर डावा पाय, दुसऱ्यावर उजवा.

रंजीताचा बाप सुनिल माजरीच्या कोळसा खाणीतून सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "बाबा, पोरींचे पाय काऊन तोडून राह्यले? माह्याजवळ विजेचा पंखा आहे."

"लाव," इसरू म्हणाला. त्यालाही घाई झाली होती.

पंख्यानं भट्टी गरजली. दुपारच्या आत भट्टीच्या बुडच्या भोकातून लालभडक धार वाहिली. पोरी नाचल्या. पण निवलेल्या तुकड्यावर हातोडा पडताच तो फुटला.

"काका, तुम्ही तं मडकं केलं!" दिव्या म्हणाली.

इसरू हसला नाही. "चूक माही. आच जास्त झाली का लोखंडाचं पाणी होते. मग ते ठोकता येत नाई. मले हे ठाऊक होतं."

एक टोपली उरली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे नवी भट्टी पेटली.

"किती जोरानं तुडवू, आजा?" रंजीतानं विचारलं.

"भोकातून आत पाह्य. पिकल्या टेंभरासारखा पिवळा-केशरी रंग पाहिजे. पांढरा झाला का पाय हळू."

पोरी आळीपाळीनं तुडवत राहिल्या. दुपारी दोघींच्या पोटऱ्या आखडल्या, तेव्हा सुनिलनं बूट काढले आणि भात्यावर चढला. धपाधप पाय मारू लागला. इसरूनं त्याला थांबवायला तोंड उघडलं.

"हळू, बाबा! पांढरं होऊन राह्यलं!" त्याच्या आधी रंजीताच ओरडली.

इसरूनं तोंड मिटलं.

भट्टी फोडल्यावर मुठीएवढा, भोकाभोकांचा गोळा निघाला. तो लाल असतानाच रंजीतानं हातोडा मारला. गोळा चपटला.

"आता?" तिनं विचारलं.

"तूच सांग," इसरू म्हणाला आणि खाटेवर टेकला.

तिनं चिमटा उचलला आणि निवू लागलेला गोळा पुन्हा विस्तवात सारला.